भर जुलैत, फुलं असताना रीपॉट केलेलं ऑर्किड: डोंबिवलीच्या बाल्कनीतलं एक प्रकरण

ऑर्किड रीपॉट, म्हणजे त्याची कुंडी आणि आतलं मिश्रण बदलणं, कधी करायचं असं कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. फुलं गळून गेली की करा, नवीन मुळं फुटायला लागली की करा, पावसाळ्यात शक्यतो नको. उत्तर बरोबरच आहे. पण आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंचं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड आम्ही भर जुलैमध्ये, दांड्यावर फुलं असताना रीपॉट केलं आणि ते तेव्हाच करायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. का केलं आणि कसं केलं ते सगळं सविस्तर लिहितेय, कारण दर पावसाळ्यात हेच प्रकरण कितीतरी घरांत होतं आणि वाचू शकली असती अशी झाडं गणपतीच्या आधीच कचऱ्यात जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी झाडाची माहिती. तिसरा मजला, पूर्वेकडची बाल्कनी, ग्रिल लावलेलं, समोर दुसरी बिल्डिंग त्यामुळे कोवळं ऊन सकाळी थोडा वेळ आणि बाकी दिवसभर नुसता उजेड, म्हणजे फॅलेनॉप्सिससाठी जागा चांगलीच. झाड काकूंच्या मुलाला ऑफिसमधून गिफ्ट मिळालेलं, मार्चमध्ये. पांढरी मोठी फुलं, दोन दांडे, पाच जाड पानं. बाहेरून चकचकीत सिरॅमिकची कुंडी जिला खाली भोकच नाही, तिच्या आत १२ सेंटीमीटरची पातळ पारदर्शक प्लास्टिकची कुंडी, आणि त्यात ठासून भरलेलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ. वरून शोभेला रंगवलेलं हिरवं शेवाळ पसरलेलं, त्यामुळे आत काय चाललंय ते दिसायची सोयच नाही.

बाजारात येणारी बहुतेक फॅलेनॉप्सिस अशीच येतात. ती पॉलिहाऊसमध्ये वाढलेली असतात, तिथे पंखे असतात, पाणी मोजून दिलेलं असतं, हवा सतत खेळती असते, त्यामुळे मॉस वेळेवर सुकतं. शिवाय मॉस हलकं आणि पाणी धरून ठेवणारं, म्हणून लांबच्या वाहतुकीलाही सोयीचं. तेच झाड आपल्या घरी बिनभोकाच्या कुंडीत बसलं की गणित बदलतं.

एप्रिल-मे मस्त गेले. उकाडा होता, काकू एक दिवसाआड पाणी घालायच्या आणि ते उडूनही जायचं. जून संपता संपता पाऊस लागून राहिला, हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर गेली, मॉस सुकणं बंद झालं आणि पाणी घालायची सवय मात्र तशीच राहिली. मग खालची दोन पानं मऊ पडली, त्यांच्यावर बारीक सुरकुत्या आल्या. काकूंना वाटलं तहानलंय, त्यांनी पाणी वाढवलं. मला बोलावलं तेव्हा त्यांचं वाक्य हे होतं, "अगं बघ ना जरा, पानं कशी लोंबायला लागलीयत, आणि पाणी तर मी रोज घालतेय."

या एका वाक्यात निदान होतं. पाणी कमी पडलं तरी पान मऊ पडतं आणि पाणी जास्त झालं तरी मऊच पडतं, कारण दोन्हीकडे पानापर्यंत पाणी पोचत नाही, एकीकडे पाणीच नाही म्हणून आणि दुसरीकडे पाणी ओढणारं मूळच सडलंय म्हणून. रोज पाणी मिळतंय आणि तरी पान सुरकुततंय म्हणजे मुळं गेलीयत असं धरूनच चालायचं. अजून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी की फॅलेनॉप्सिस फार उशिरा तक्रार करतं. पानं जाड, त्यात पाण्याचा साठा, शिवाय हे झाड दिवसा पानांची रंध्रं मिटून ठेवतं आणि रात्री उघडतं त्यामुळे पाणी उडतंही कमी. मुळं सडायला लागल्यावर पान मऊ पडेपर्यंत कित्येक आठवडे जाऊ शकतात. पानावर दिसलं म्हणजे खाली बरंच काही होऊन गेलेलं असतं.

मग तपासणी. शोभेचं शेवाळ उचलून बाजूला केलं, सिरॅमिकच्या कुंडीतून आतली कुंडी बाहेर काढली, तळाला बोटभर पाणी साचलेलं निघालं. पारदर्शक कुंडी हे ऑर्किडवाल्यांसाठी वरदान आहे, बाहेरूनच मुळं दिसतात. फॅलेनॉप्सिसचं चांगलं मूळ ओलं असताना हिरवं दिसतं आणि सुकलं की चंदेरी पांढरं. त्याच्यावर मेलेल्या पेशींचं एक जाड आवरण असतं, व्हेलामेन म्हणतात त्याला, ते पाणी झटकन शोषून घेतं आणि ओलं झालं की आरपार दिसायला लागतं म्हणून आतला हिरवा रंग दिसतो. इथे कुंडीच्या भिंतीला चिकटलेली बहुतेक मुळं तपकिरी होती. नाक जवळ नेलं तर आंबूस कुजका वास. बुंधा दोन बोटांत धरून हलकेच हलवला तर अख्खं झाड डुगडुगलं. ही हलवून बघायची परीक्षा मला सगळ्यात खात्रीची वाटते, मुळं चांगली असलेलं झाड कुंडीला घट्ट धरून बसतं.

एक आशेची गोष्ट होती. बुंध्यातून दोन मुळं कुंडीच्या बाहेर हवेत आलेली, चंदेरी, टणक, त्यातल्या एकाचं टोक हिरवंगार. बरेच जण या हवेतल्या मुळांना बघून घाबरतात, कापून टाकतात, काकूही विचारत होत्या कापू का म्हणून. अजिबात कापायची नाहीत. फॅलेनॉप्सिस मूळचं आग्नेय आशियातल्या जंगलांतलं, फिलिपिन्स-इंडोनेशियाकडचं, झाडाच्या फांदीवर उघड्या मुळांनी राहणारं, त्याला हवेतली मुळं येणारच. आणि आज या झाडात जे काही जिवंत होतं ते मुख्यतः तेवढंच होतं.

आता निर्णयाचा भाग, आणि माझ्या मते सगळं प्रकरण इथेच आहे. काकूंच्या भावाने फोनवर सांगितलं होतं की फुलं आहेत तोवर हात लावू नका, पाणी बंद करा, आपोआप सुधारेल. नेहमीच्या गल्लीतला माळी म्हणाला मातीत लावा, शेणखत घाला, जोर धरेल. मातीचा मुद्दा लगेच बाजूला ठेवला, कारण फॅलेनॉप्सिसच्या मुळांना हवा लागते आणि कुंडीतल्या मातीत, त्यातून पावसाळ्यात, ती गुदमरतात, कोकोपीटमध्येही तेच होतं. पण भावाचं म्हणणं विचार करण्यासारखं होतं. फुलावर असताना झाडाची ताकद फुलांकडे जात असते, रीपॉट केलं की मुळांना धक्का बसतो, कळ्या गळतात, आणि पावसाळी हवेत कापलेल्या मुळांच्या जखमा सुकायला वेळ लागतो. झाड धडधाकट असतं, नुसती मुळं दाटलेली असती किंवा मॉस जुनं झालेलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं, थांबा, सप्टेंबर-ऑक्टोबर येऊ दे नाहीतर सरळ पुढच्या एप्रिल-मेपर्यंत थांबा.

पण इथे थांबून काय होणार होतं? पाणी बंद केलं तरी ते ठासलेलं मॉस जुलैच्या हवेत आठ-दहा दिवस ओलंच राहणार होतं, मधला भाग त्याहूनही जास्त. सड मुळांवरून बुंध्यात चढली की खेळ संपला, बुंधा गेला की फॅलेनॉप्सिस वाचत नाही, कारण ते एकाच शेंड्यावर वाढणारं झाड आहे, डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडसारखे त्याला शेजारून नवे कोंब सहसा येत नाहीत. आणि दांड्यावरची फुलं रोज पानातला साठा ओढत होती, खालून मात्र काहीच येत नव्हतं.

म्हणून मी काकूंना म्हटलं, आत्ता रीपॉट करायचं की नाही हे मी ठरवत नाही, आपण फक्त कुंडीतून काढून बघू. काढून बघण्याने झाडाचं काही बिघडत नाही, हे लोकांना पटत नाही पण खरं आहे, अलगद काढून तसंच परत ठेवता येतं. अर्ध्याहून जास्त मुळं टणक निघाली तर परत ठेवू आणि सुकू देऊ. अर्ध्याहून कमी निघाली तर आजच करू, मग फुलं असोत की पाऊस असो.

काढलं. मॉसचा गोळा पिळला तर पाणी टपटपलं. मॉस बोटांनी हळूहळू सोडवत गेलो, घाई न करता, नळाखाली धरून, आणि आत काय ते दिसलं. बुंध्याच्या बरोबर खाली, मधोमध, मॉसचा अजून एक छोटा घट्ट गोळा होता, प्लास्टिकच्या जाळीच्या कपात बसलेला. रोप अगदी लहान असताना त्यात लावलेलं असतं आणि मोठ्या कुंडीत हलवताना तो गोळा तसाच ठेवून बाजूने नवीन मॉस किंवा बार्क (झाडाची साल) भरतात. बाहेरचं सुकलं तरी तो मधला गोळा ओला राहतो, आणि तो असतो नेमका बुंध्याला चिकटून, त्यामुळे वरून बोट लावून बघणाऱ्याला सगळं सुकलंय असंच वाटतं. विकत आणलेल्या फॅलेनॉप्सिसमध्ये रीपॉट करायचं हे सगळ्यात मोठं कारण आहे असं मी म्हणेन, झाड दिसायला कितीही छान असलं तरी पहिला बहर संपल्यावर एकदा काढून तो मधला गोळा आहे का बघा आणि असेल तर काढून टाका. जाळी कात्रीने कापायची, मुळं तिच्यातून आरपार गेलेली असतात म्हणून ओढायची नाही.

मुळांची मोजणी अशी झाली. कुंडीतली चौदा मुळं, त्यातली टणक तीन, आणि तीही अर्धीच चांगली. बाकीची दोन बोटांत धरून ओढली की वायरवरचं कोटिंग निघावं तसं ओलं आवरण निसटून हातात यायचं आणि मागे नुसता बारीक धागा उरायचा. ही मूळ मेल्याची पक्की खूण. नुसत्या रंगावर जाऊ नका, मॉसच्या आत दडलेलं मूळ उजेड न मिळाल्यामुळे पिवळट-तपकिरी दिसू शकतं आणि तरी ते चांगलं असतं. दाबून बघा. टणक असेल तर ठेवा, पोकळ किंवा पचपचीत असेल तर कापा.

म्हणजे आजच करायचं ठरलं.

पहिली कात्री फुलांच्या दांड्यांना लागली, आणि हे काकूंना सगळ्यात जड गेलं, कारण एकावर चार फुलं आणि दुसऱ्यावर दोन अशी छान टवटवीत होती. धट्टंकट्टं झाड असतं तर दांडा खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापता येतो, तिथून कधी कधी नवी फांदी फुटून परत फुलं येतात. पण मुळं नसलेल्या झाडाकडून ते मागायचं नाही, दांडा बुंध्याजवळूनच कापला. फुलं काकूंनी पाण्याच्या पेल्यात घालून देवासमोर ठेवली आणि ती आठवड्याच्या वर टिकली.

मग मुळं. कात्री आधी गॅसवर तापवून गार केली, स्पिरिटने पुसली तरी चालते, आणि दुसऱ्या झाडाला लावायच्या आधी परत तेच करायचं, कारण ऑर्किडमधले व्हायरस एका झाडावरून दुसऱ्यावर कात्रीनेही जातात. मेलेलं मूळ बुंध्यापर्यंत, अर्धं चांगलं असलेलं मूळ चांगल्या भागाच्या किंचित आत. धागे राहिलेले होते त्यातले दोन-तीन मुद्दाम ठेवले, ते जिवंत नसतात पण नवीन कुंडीत झाड स्थिर बसायला मदत करतात. बुंध्याचा खालचा टोकाचा भाग काळपट आणि पोकळ होता, तो थोडा थोडा कापत गेले, आतला गाभा पांढरट-हिरवा आणि टणक लागला तिथे थांबले. सड वर चढत होती हे तिथे स्पष्ट दिसत होतं. अजून पंधरवडा काढला असता तर बुंधा उरला नसता.

जखमांना काय लावायचं यावर प्रत्येकाचं वेगळं मत असतं. दालचिनीची पूड लोक सर्रास लावतात, बुरशीवर तिचा उपयोग होतो पण ती मुळातलं पाणीही ओढून घेते, त्यामुळे मी ती बुंध्याच्या कापलेल्या तोंडाला लावते, मुळांवर भुरभुरत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतणारे फेस आला की खूश होतात, पण ते चांगल्या पेशींनाही भाजतं, मी वापरत नाही. इथे सड जास्त होती म्हणून कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं बुरशीनाशक, कुठल्याही शेतीच्या दुकानात मिळतं ते, २ ग्रॅम एका लिटर पाण्यात करून मुळं त्यात थोडा वेळ बुडवली. हातात ग्लोव्ह्ज, तोंडाला रुमाल, घरातली भांडी त्यासाठी वापरायची नाहीत. मग झाड रात्रभर उघडंच, वर्तमानपत्रावर आडवं ठेवलं, पंखा हळू चालू. पावसाळ्यात ही पायरी मी सोडत नाही. त्या हवेत उघडी मुळं एका रात्रीत वाळून मरत नाहीत, जखमा मात्र सुकतात. मे महिन्यात नागपूरला हेच कराल तर मुळं वाळतील, तिथे तास-दोन तास पुरे.

आता कशात लावायचं. बघायला गेलं तर शेकडो व्हिडिओ आहेत, बार्कमध्ये मॉस मिसळा, एवढे भाग हे, एवढे भाग ते. त्यातले बरेच अशा ठिकाणचे असतात जिथे थंडीत घरात हीटिंग चालतं, हवा खडखडीत कोरडी होते, मिश्रणात ओल धरणारं काहीतरी असावंच लागतं. आपल्याकडे ठाण्या-मुंबईपासून गोव्यापर्यंत जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, तिथे तेच मिश्रण म्हणजे परत सड. आपल्या सह्याद्रीतलं सीतेची वेणी हे जंगली ऑर्किड बघा, कोकणात आंब्या-फणसाच्या फांदीवर असतं, सगळा पावसाळा धो धो भिजतं आणि सडत नाही, कारण मुळं उघडी असतात, सर थांबली की वारा लागून सुकतात. कुंडीतल्या ऑर्किडला हेच द्यायचं, भिजणं आणि मग सुकणं. (जंगलातलं ऑर्किड उपटून मात्र आणू नका कृपा करून, घरी ते बहुधा जगत नाही आणि तिथलंही कमी होतं.)

काकूंसाठी मिश्रण असं केलं: लाकडी कोळसा निम्मा, नारळाच्या सोडणाचे साधारण इंचभराचे तुकडे एक चतुर्थांश, पाइनची साल एक चतुर्थांश. मॉस शून्य. कोळसा साधा लाकडाचा, इस्त्रीवाल्याकडे मिळतो तसा, बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या वड्या नकोत कारण त्यात बाकीचे पदार्थ असतात. हातोडीने फोडून, चाळून, भुकटी टाकून द्यायची आणि तुकडे धुवायचे, भुकटी राहिली की ती तळाला बसून चिखल करते. सोडणाचे तुकडे दोन-तीन दिवस भिजत ठेवून रोज पाणी बदलायचं, पहिल्या दिवशी गडद तपकिरी पाणी निघतं, त्यात टॅनिन आणि क्षार असतात, ते जाऊ द्यायचे. पाइनची साल रात्रभर भिजवायची. म्हणजे ही तयारी आधी करून ठेवावी लागते. माझ्याकडे भिजवून वाळवलेलं सामान नेहमी डब्यात असतं म्हणून इथे लगेच जमलं. कोळसा-सोडण नाहीच मिळालं तर जुन्या विटांचे धुतलेले तुकडे चालतात, पुण्यापलीकडे कोरड्या हवेत मात्र नुसत्या विटा-कोळशावर झाड तहानलेलं राहील, तिथे साल वाढवा आणि थोडं मॉसही घाला.

कुंडी लहान घेतली, जुन्या कुंडीपेक्षा लहान. इथे लोक हमखास उलटं करतात, रीपॉट म्हणजे मोठी कुंडी असं डोक्यात बसलेलं असतं. कुंडीचं माप मुळांवरून ठरतं, पानांवरून ठरत नाही. मुळं भरपूर असतील तर फार तर इंचभर मोठी, आणि मुळं गेली असतील तर खाली या, नाहीतर मधली रिकामी जागा ओली राहते आणि तिथूनच परत सड सुरू होते. काकूंच्या घरात ड्रायफ्रूटची पारदर्शक प्लास्टिकची बरणी होती, साधारण ९ सेंटीमीटर रुंद. सळई तापवून तिला तळाला आणि बाजूंना सगळीकडे भोकं पाडली, खिडकी उघडी ठेवून, कारण वास येतो.

लावताना झाड मधोमध धरलं, सगळ्यात खालचं पान मिश्रणाच्या अगदी वर येईल एवढ्या उंचीवर, आणि बाजूने तुकडे सोडत कुंडी हलकेच आपटत गेलो म्हणजे ते मुळांमध्ये आपोआप बसतात, दाबून ठासायचं नाही. पानांचा मधला गाभा मिश्रणात गाडला जाता कामा नये, तिथे पाणी साचलं तर झाड वरून सडतं. हवेतली दोन मुळं हवेतच ठेवली, जबरदस्तीने आत वळवली की मोडतात, आणि हवेला सरावलेलं मूळ एकदम ओल्यात गेलं तर सडूही शकतं. शेवटी एक बांबूची काडी रोवून झाड तिला मऊ सुतळीने दोन ठिकाणी बांधलं. ही काडी फार महत्त्वाची. डुगडुगणाऱ्या झाडाला नवीन मूळ फुटलं की त्याचं कोवळं टोक तुकड्यांवर घासून मरतं आणि लोक म्हणतात रीपॉट करूनही मुळंच येत नाहीत.

नंतर पहिले चार-पाच दिवस पाणी नाही. काकूंना हे फार कठीण गेलं, रोज विचारायच्या, घालू का. मग बादलीत दहा मिनिटं कुंडी बुडवून, पूर्ण निथळून परत जागेवर. त्यानंतर दिवस मोजायचे नाहीत, मुळं चंदेरी झाली आणि बरणीच्या आतल्या बाजूला बाष्प दिसेनासं झालं की पाणी. त्या पावसात ते आठवड्याने किंवा कधी त्याहूनही उशिरा होत होतं. सिरॅमिकची कुंडी शोभेला परत हवी होती, म्हटलं ठेवा, पण तळाला खडे घाला आणि पाणी देताना बाहेर काढा. बाल्कनीतून झाड आत, खिडकीजवळ, ऊन न येणाऱ्या जागी. खत बंद.

पुढे काय झालं तेही सांगते, कारण असे किस्से लोक रीपॉट झाल्यावर थांबवतात आणि मग वाचणाऱ्याला वाटतं आठवड्यात झाड टवटवीत होतं. खालचं एक पान पिवळं होऊन गळलं. बाकीची पानं मऊच राहिली, महिनाभर काहीच फरक दिसला नाही. सुरकुतलेलं पान पूर्ववत होईलच असं नाही, त्याच्याकडे बघत बसू नये, बघायचं ते बुंध्याकडे. ऑगस्ट अखेरीस पानाच्या बगलेतून हिरवा गोल ठिपका दिसला, मूळ. त्याच्या पाठोपाठ दुसरं. तेवढ्यात एक टोक कुरतडलेलं सापडलं, पावसाळ्यातल्या बारक्या गोगलगाई रात्री येऊन कोवळी टोकंच खातात, काकू रात्री टॉर्च घेऊन शोधायच्या आणि कुंडी उंच टांगल्यावर तो त्रास थांबला. मुळं दीड-दोन इंच झाल्यावर खत सुरू केलं, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं), लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा. दिवाळीच्या सुमारास नवीन पान निघालं, लहान पण ताठ.

जानेवारीत बुंध्यातून काहीतरी बाहेर आलं आणि काकूंनी दांडा आला म्हणून सगळ्यांना सांगितलं. जाऊन बघितलं तर टोक गोल आणि गुळगुळीत चकचकीत, म्हणजे मूळ. दांड्याचं टोक जरा चपटं, वर वळलेलं, थरावर थर असलेलं असतं. त्या वर्षी फुलं नाहीत, आणि नाही आली तेच बरं झालं, सगळी ताकद मुळांना गेली. मेमध्ये परत रीपॉट करू का असं काकूंनी विचारलं, करायची गरज नव्हती, सोडणाचे तुकडे दाबून बघितले तर अजून टणक होते, वास लाकडाचा होता, बरणीत मुळं हिरवी दिसत होती. दुसऱ्या पावसाळ्यात एकही मूळ गेलं नाही. आणि त्यानंतरच्या थंडीत, रात्री गार व्हायला लागल्यावर, खरा दांडा आला, त्यावर सात फुलं.

आता हे झाड नेहमीच्या वेळापत्रकावर आलंय. यंदा फुलं एप्रिलपर्यंत संपतील, तेव्हा सोडण आणि सालीची दोन वर्षं होत आलेली असतील, आपल्या ओल्या हवेत त्याहून जास्त टिकत नाहीत, कुस्करायला लागतात, आणि नवीन मुळांची हिरवी टोकंही त्याच सुमारास दिसायला लागतात. म्हणून यंदा मात्र रीपॉट एप्रिल-मेमध्ये, पाऊस यायच्या आत, म्हणजे जखमा सुकायला आणि नवीन मुळांनी पकड घ्यायला वेळ मिळतो. यावेळी कुंडी इंचभर मोठी. कोळसा धुऊन परत वापरू, पण त्यावर पांढरे क्षार चढलेले दिसले तर तोही नवीन. ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी आहे त्यांना हे क्षार लवकर दिसतील, त्यांनी कोळसा दर वेळी बदललेला बरा.

काकूंनी मधे एक डेंड्रोबियमही आणलंय, जांभळं. त्याची वेळ वेगळी. त्याच्या जुन्या खोडाच्या बुडाशी नवा कोंब येतो, तो दोन-तीन इंचांचा झाला आणि त्याची स्वतःची मुळं नुकती दिसायला लागली की रीपॉट, मुळं लांब व्हायच्या आत. आत्ता कोंब अर्ध्या इंचाचा आहे, म्हणून ते झाड सध्या तसंच ठेवलंय.